उजवीकडचं बटण

बेट पुसलं गेलं तेव्हा सासूबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. आदल्या दिवशी दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि आठवडाभर पडद्याकडे बघायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. तीस वर्षं नर्स म्हणून दुसऱ्यांना ताकीद देण्यात गेलेली. ती मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. म्हणून व्हिडिओ गेममधल्या मेंढ्यांना चारा घालायचं काम सुनेकडे आलं.

काम विश्वासाचं होतं. सहा वर्षं खपून त्यांनी ते बेट उभं केलेलं. ऐंशी फळझाडं, एक दीपगृह आणि सात मेंढ्या. मेंढ्यांना नावं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या हुद्द्यांवरून ठेवलेली. भूलतज्ज्ञ दिवसभर झोपायची.

सूनही नवखी नव्हती. लहानपणापासून खेळत आलेली, पण दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर. या दोन कंपन्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीचे गेम दुसरीवर चालत नसत. सुनेच्या कंपनीने 'हो'चं बटण खाली आणि 'नाही'चं उजवीकडे ठेवलं म्हणून की काय, सासूबाईंच्या कंपनीने 'हो'चं उजवीकडे ठेवलेलं, आणि 'नाही'चं खाली. सुनेने यादीत चुकून भलताच पर्याय उघडला. जुनं बेट पुसून नवं सुरू करायचं का, असं पडद्याने विचारलं. तिने सवयीने 'नाही' म्हणून उजवीकडचं बटण दाबलं. नक्की ना, असं पडद्याने पुन्हा विचारलं, तेव्हा घाबरून तेच बटण आणखी जोरात दाबलं. लग्नाला चार महिने झाले होते, अंगठा मात्र अजून माहेरीच होता.

घातला का चारा, म्हणून सासूबाईंनी विचारलं. घालते, म्हणत ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, सांगू नकोस, आठवडाभर आईला दिसणारच नाहीये, तोवर मी काहीतरी करतो. काय करणार होता, देव जाणे.

ती परत आली. सासूबाई तशाच बसल्या होत्या. कान पडद्याकडे, तोंड इमानदारीत भिंतीकडे.

"भूलतज्ज्ञ उठली का गं?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला फसवायचा तिला धीर होईना.

"आई, बेट गेलं," ती म्हणाली. "माझ्या हातून पुसलं गेलं. सगळंच."

कुठलं बटण दाबलंस, एवढंच सासूबाईंनी विचारलं. तिने सांगितलं. त्यावर, ज्या आवाजाने वॉर्डबॉय थरथर कापत, त्या आवाजात त्यांनी दोन्ही कंपन्यांचा उद्धार केला. यांच्या भांडणात आपण का भरडून निघायचं, एक बटण एका जागी ठेवायला यांचं काय जातं, असं बरंच काही. सुनेला मात्र एका शब्दानेही बोलल्या नाहीत. डोळ्यांना हात लावायची बंदी होती, म्हणून चष्म्याखालून ओघळलेलं पाणी तिनेच कापसाने टिपलं. टिपता टिपता तिलाही भरून आलं. आईची आठवण येऊन नव्हे. हे माणूस आपल्या वाट्याला आलं, म्हणून.

"आता काय दिसतंय तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"नुसती वाळू. आणि विचारतंय, खेळाडू किती?"

"सहा वर्षांपूर्वीही मेल्याने हेच विचारलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा घरात मीच होते. एक म्हटलं नि मोकळी झाले. या खेपेला दोन सांग."