जुनीच कॅसेट

"नवी आणलीय, काकी. भूत एकदम कडक हाय हिच्यातलं," सईद म्हणाला.

"नको. जुनीच लाव," सोनाकाकी म्हणाली.

दरवर्षी शिमगा झाला की सईद महाडवरनं टीव्ही न् व्हिडिओ जीपमध्ये घालून पोलादपूरच्या वरच्या ह्या वाडीत यायचा, न् दरवर्षी बाया हाच पिक्चर मागायच्या. नवरा बायकोला विहिरीत ढकलतो, मग घरात तिच्या बांगड्या वाजत राहतात, तो. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही गोष्ट पाठ.

"अगो काकी, कॅसेट झिजलीय. शेवटी विहिरीपाशी आवाजच नाय तिला. कालच दुकानात लावून बघितली."

"चालतंय आमाला."

सईदच्या डोक्यात किडा वळवळला. ह्या बायांचं कायतरी हाय. एरवी तो कॅसेट लावून जीपमध्ये जाऊन घोरायचा. आज म्हणाला, बसूनच बघतो. तसंही सकाळपासनं डोकं फिरलेलं. बायकोनं, नुरजहाँनं, निघताना बांगड्या आणायला सांगितल्या, तर तो खेकसला, "बांगड्यांबिगर भाकऱ्या थापवत नाय काय?" जुन्या कशा फुटल्या, ते दोघांपैकी कुणी काढलं नाही.

भर दुपारी देवळाशेजारच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. पुढं बाप्ये, मागं बाया. चांगूची बायको अंकिता शेवटी आली. एका हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, दुसरा हात भुंडा, न् त्याच्यावर ओरखडे.

"पडलीस काय गो?" सईदनं विचारलं.

"पडली," पुढनं चांगूच बोलला.

सोनाकाकीनं आपल्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, अंकिताच्या भुंड्या हातात चढवल्या, न् तिला बरोबर चांगूच्या पाठीमागं नेऊन बसवलं.

पिक्चर लागला. बाप्यांच्या गमजा चालल्या. "चांग्या, धोतर सांभाळ रे, आता येतीय ती!" चांगू सगळ्यात मोठ्यानं हसत होता. सईदनं मागं वळून बघितलं. बायांपैकी एकीचंही टीव्हीकडं लक्ष नव्हतं. त्या बाप्यांच्या मानांकडं बघत होत्या.

विहीर आली. ठरल्यासारखा आवाज गेला. पडद्यावर नुसत्या मुंग्या, न् त्या मुंग्यांत पाण्यातनं वर येणारा हात. सईदला वाटलं, आता बोंब होणार, आवाज, आवाज! कुणी हूं की चूं केलं नाही.

खळ्.

सईद ताठ झाला. त्यानं टीव्हीला कान लावला. टीव्ही मुका.

खळ् खळ्. डाव्या कोपऱ्यातनं. मग उजव्या. मग दारापासनं. काळोखात सगळीकडनं बांगड्या वाजायला लागल्या, हळू, एकीमागं एक. बाप्यांच्या माना खांद्यांत गेल्या. थोराड, मुंबईत गिरण्या-गोद्या बघून आलेले बाप्ये, पण मागं वळायची कुणाची छाती होईना.

मग सगळ्या थांबल्या. न् एकच वाजली, अगदी चांगूच्या कानापाशी.

चांगू वळला नाही. हसला पण नाही.

घोंगड्या काढल्या तसे बाप्ये गुमान चपला शोधायला लागले. चांगूनं आपल्या पायात घातल्या, थबकला. मग बायकोच्या चपला उचलल्या, माती झटकली न् तिच्या पुढ्यात ठेवल्या. अंकितानं त्याच्याकडं न बघता पाय सरकवले.

सईद वायर गुंडाळत सोनाकाकीपाशी सरकला. हळूच म्हणाला, "काकी, नव्या कॅसेटला बांगड्यांचा आवाज चांगला हाय."

"म्हणून तर नको."

"किती दिस पुरतं हे?"

"पेरण्यांपर्यंत पुरतं," काकी म्हणाली. तिनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. "नुरजहाँ बरी हाय ना रे?"

सईदच्या हातातनं वायरीचा गुंडाळा सुटला.

दिवस बुडायच्या आत तो महाडच्या बाजारात पोचला. जीप उभी केली. बांगडीवाला डझन डझन सोडून दाखवत होता, हिरव्या, लाल, चमकीच्या, न् म्हणत होता, "वाजवून तर बघ, भाई."

सईदनं हात मागं घेतला. पण दुकानासमोरनं काही हलला नाही.