गाडीच्या मोटारीचं विमान

"कुसकुसच्या रव्याच्या चाळणीत पुन्हा दातेरी चाक सापडलं मला," नझीहा पुटपुटली. "उद्या पाहुण्यांच्या दाताखाली येईल. मग बसा खुलासे देत."

तिजानीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर तो रिमोटवर पळणारी खेळण्यातली गाडी सोलत बसला होता. स्फाक्स शहरातल्या निम्म्या पोरांच्या मोडक्या गाड्या याच टेबलावर येऊन मरत. त्याला त्यातली मोटार आणि बॅटरी तेवढी हवी असे. मग ती मोटार थर्माकोलच्या विमानाच्या नाकात जाई, आणि विमान समुद्रालगतच्या खाऱ्या मैदानावर जाऊन नाक फोडून घेई. फोडणारच. मोटार जड, आणि बॅटरी म्हणजे तर वीट. वर तो आवाज! दातांच्या डॉक्टरचं यंत्र आभाळभर फिरावं तसा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक सीलबंद डबा होता. इब्तिसामला परदेशात, ल्योंमध्ये नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून तिने बापासाठी खास विमानाची मोटार पाठवली होती. अंजिराएवढी. सोबत चपटी, हलकी बॅटरी. पोरगी फोनवर विचारी, "बाबांनी उडवलं का गं?" नझीहा सांगे, "हो तर! काय सुरेख उडालं!" आता पोरगी सुट्टीला घरी आली होती. आल्या आल्या तिची नजर डब्यावर गेली. ती काही बोलली नाही. तेच नझीहाला फार लागलं होतं.

"आज तू ती मोटार बसवतोस," ती म्हणाली. "नाहीतर हे सगळं भंगारात घालते. तुझ्यासकट."

"त्या नव्या मोटारीत दम नसतो गं. गाडीच्या मोटारीत ताकद असते."

"ताकद गाढवातही असते. म्हणून कोणी गाढव उडवत नाही."

इब्तिसाम दारात येऊन उभी होती. "राहू दे ना आई. बाबांना नको असेल तर नको."

तिजानीचे हात थांबले. "आण इकडे," तो म्हणाला.

मोटार इब्तिसामनेच बसवली. तो शेजारी बसून होता. बसवून झाल्यावर त्याने मोटारीवरून अंगठा फिरवला. सावकाश, दोनदा.

मैदानाकडे जाताना गाडी नझीहाने चालवली. हल्ली तीच चालवी. तिजानीचा गुडघा दुखतो, असं ठरलं होतं. मैदानावर त्याचा मित्र फ्रज चहाचा थर्मास घेऊन वाट बघत होता. विमान हातातून सोडायचं काम फ्रजचं. हल्ली उतरवायचंही त्याचंच. तिजानीचे हात थरथरतात, असंही ठरलं होतं.

फ्रजने विमान उचललं आणि हसला. "नझीहा वहिनी, हे तर पीस आहे पीस! मागच्या वेळचं उचलताना माझी कंबर धरली होती."

"आज नको," तिजानी म्हणाला. "वारा आहे."

"झुळूकसुद्धा नाहीये."

"ऊन समोरून येतंय."

"ऊन पाठीवर आहे तुझ्या!" नझीहाचा आवाज चढला. "अरे, पोरगी एवढ्या लांबून आली. एकदा उडव आणि मोकळा हो. तिने तुझ्यासाठी काही आणू नये असं वाटतं का तुला? तसं सांग तिला."

तिजानीने मान हलवली. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. मग त्याने गळ्यात अडकवलेलं रिमोटचं यंत्र छातीशी धरलं आणि कांडी पुढे ढकलली.

पंखा फिरू लागला. फ्रजच्या बोटांना ओढ जाणवली. नेहमीसारखं त्याने विमान सोडलं.

आणि ते गेलं. धडपड नाही, किंचाळणं नाही. कोणी हलकेच श्वास घ्यावा तसं गेलं. इब्तिसामने टाळ्या वाजवल्या. नझीहालाही हसू फुटलं. तिने मान वर केली आणि उन्हात पांढरं होत जाणारं ते विमान बघत राहिली. समुद्राकडे निघालं होतं, सरळ रेषेत. आता वळवेल, तिला वाटलं. आता वळवेल.

ते वळलं नाही.

तिने तिजानीकडे पाहिलं. त्याचं तोंड अजून फ्रजकडे होतं. मान थोडी कललेली, उजवा कान आभाळाकडे. ही मान तिने किती वेळा अशी पाहिली होती. विमान उडत असताना तो असाच उभा राही.

"सोड ना आता, फ्रज," तिजानी म्हणाला. "हात अवघडेल तुझा."

फ्रजचे दोन्ही हात रिकामे होते. त्याने ते पाठीमागे घेतले. पाठीमागे कशाला, कोणास ठाऊक.

"सोडतो," तो म्हणाला. "जरा... वारा बघतोय."

विमान समुद्रावर पोचलं होतं. इब्तिसामने तोंड उघडलं आणि नझीहाने तिचं मनगट घट्ट धरलं. ते तिने का धरलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. अजूनही यातून काहीतरी निभावून नेता येईल, असं तिला वाटत असावं. मोटार बिघडली म्हणावं. बॅटरी संपली म्हणावं. आजवर तेच तर म्हणत आले होते सगळे.

तिजानी कान देऊन उभा राहिला. मग त्याने गळ्यातला पट्टा काढला आणि यंत्र पुढे केलं, जिथे नझीहा असेल असं त्याला वाटलं तिथे. ती हातभर डावीकडे होती.

"गेलं ना ते?" तो म्हणाला. "मला दिसत नाही, नझीहा. केव्हापासून मी ते नुसतं ऐकतोय."