आहेस ना?

"लघवीची थैली भरलेलीच दिसून राहिली, मावशी. सुईतलं औषध लघवीत उतरून सगळंच चमकते, त्यात गाठ कशी शोधू? पुन्हा लघवी करून या," नागपूरच्या स्कॅन सेंटरमधला टेक्निशियन म्हणाला.

"अर्धीच केली जी," गीताबाई पुटपुटली. "पुरी केली का चक्कर येते."

मशीनचं भेव तिला नव्हतंच. लघवी करताना छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची, त्याचं होतं. म्हणून तिरोड्याच्या घरी नवऱ्यानं, श्यामलालनं, संडासाची आतली कडीच काढून टाकली होती. तो दाराबाहेरून आवाज द्यायचा, बायको आतून 'हाव' म्हणायची.

इथंही तो दाराशी उभा राहिला.

"आहेस ना व?"

"हाव."

"आहेस ना?"

उत्तर आलं नाही. त्यानं दार ढकललं. घामानं भिजलेली गीताबाई भिंतीला धरून कशीबशी उभी होती. "झाली पुरी," ती म्हणाली.

तिला पुन्हा मशीनमध्ये झोपवलं. टेक्निशियननं श्यामलालला काचेमागं आपल्याजवळ बसू दिलं. पडद्यावरची थैली आता विझली होती. फक्त तिच्या कडेला एक ठिपका जळत होता, धानाच्या दाण्याएवढा. टेक्निशियनचा हात थांबला. मग त्यानं त्या गाठीभोवती गोल काढला.

तेवढ्यात स्पीकरमधून गीताबाईचा आवाज आला, "आहा ना जी?"

श्यामलालनं तोंड उघडलं, पण त्यातून 'हाव' काही फुटेना.