रागाच्या भरात

"जमावाने रागाच्या भरात शिलाई मशीन जाळली," असं जमादारानं जबाबात लिहिलं आणि सहीसाठी पेन पुढं केला. डिंपलनं तो घेतला नाही. छकुलीला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"राग नोका लिहू, साहेब. राग लिहिला, की पोरायचं चुकलं, एवढंच उरते."

वस्तीच्या स्मशानाचा रस्ता कोणी दाबला, तो मोजून द्या, असा अर्ज तिच्या नवऱ्यानं, अश्वजितनं केला होता. काल दुपारी गावातली दीडशे माणसं वस्तीत घुसली. नऊ घरांची दारं फोडली, अश्वजितचा हात मोडला. डिंपलची मशीन मात्र घरात जाळली नाही. चौघांनी उचलून ती इथं, बसथांब्यावर आणली. नांदुऱ्याची गाडी येईपर्यंत थांबले. गाडी भरून माणसं उतरली, तेव्हा पेटवली.

जमादार समजुतीनं म्हणाला, की जमावाला भान नसतं.

डिंपलनं थांब्याच्या ओट्याकडं बोट केलं. तिथं गावातल्या बायांनी तिच्याकडं शिवायला टाकलेले ब्लाऊज होते. घड्या घातलेले, एकावर एक. धुराचा डागसुद्धा नाही. प्रत्येकाला तिनं टाचलेली नावाची चिठ्ठी. वस्तीतल्या बायांचे तेवढे मशीनसोबत जळाले होते.

"भान नव्हतं, तर चिठ्ठ्या कोनं वाचल्या?"

ब्लाऊज न्यायला आलेल्या चार-पाच बाया ओट्यापाशी उभ्या होत्या. डिंपल त्यांच्याकडं वळली.

"मले काय सांगाचं ते त्यायनं घरात घुसूनच सांगतलं. हे इथं जाळलं ते तुमच्यासाठी. डिंपलकडं शिवाले टाकाचं नाही म्हणून."

'ठरवून' लिहायचं तर साक्ष लागेल, जमादार म्हणाला. एकीनं तरी सांगावं, की माझा ब्लाऊज आज इथं, असा घडी घालून ठेवलेला सापडला.

डिंपलनं विमलबाईकडं पाहिलं. छकुली झाली तेव्हा विमलबाईनंच डिंकाचे लाडू धाडले होते.

विमलबाई पुढं आली. तिनं आपला ब्लाऊज उचलला, चिठ्ठी काढून मुठीत चुरगळली. जमादारानं नजर कागदावर ठेवली.

"हा तर मी परवाच घरी नेला होता, बापा," ती म्हणाली आणि ब्लाऊज पदराखाली घेतला.

त्याला अजून हूक लावायचे होते.