आचाऱ्याने वाडगा पुढे केला

“तुमचा विश्वास बसणार नाही,” ताइनान शहरातल्या बागेत चहा ओतत म्हातारा यान म्हणाला, “पण नूडल्सच्या वाडग्याने मी दरोडेखोर थोपवलाय.” कॉलेजात तो संगणकावर अनोळखी लोकांसोबत नुसत्या लिखाणातून रंगणारा खेळ खेळायचा. त्यात तो खाणावळीतला आचारी होता. दोन वर्षं जपलेलं पात्र मेलं की कायमचं पुसलं जाणार, आणि समोर दरोडेखोर तलवार उपसून उभा. “शेपूट घातलंस?” दोस्त आ-खुनने खिजवलं. “छट्! लिहिलं, ‘आचाऱ्याने वाडगा पुढे केला.’ आणि थांबलो. समोरच्याने काय करावं, ते आपण लिहायचं नसतं; खरी रंगत तिथेच. शेवटी उत्तर उमटलं: ‘दरोडेखोर तलवार म्यान करून बसला.’” “साफ खोटं!” शेंगा सोलणारी त्याची बायको कडाडली. “मी तुझी मान उडवली होती! मग तीन दिवस घास उतरेना, म्हणून तुझं वसतिगृह शोधत आले.”