राहिलेलं प्रकरण

अमेरिकेतल्या टँपा शहरात, कारखान्यात आई सिगार वळायची आणि एलिसेओ मास्तर उंच मंचावरून कादंबऱ्या वाचून दाखवायचे. आवडलं की कामगार तंबाखूची पानं कापायचा चाकू फळीवर वाजवायचे, नाही आवडलं की जमिनीवर टाकायचे. मग मालकानं मंच मोडून रेडिओ बसवला आणि चालू कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं. दुसऱ्या कुणाकडून ऐकायला आई तयार नव्हती. ती अंथरुणाला खिळल्यावर म्हातारे मास्तर तेच पुस्तक घेऊन आले. आईनं उशाखालचा चाकू हातात घेतला. मास्तर वाचू लागले, तशी मी त्यांच्या मागून पुस्तकात डोकावले. छापलेल्या पानावर नायिका मरत होती. मास्तर मात्र तिला सुखरूप घरी पोचवत होते. आईनं चाकू जमिनीवर टाकला. “मास्तर, तुमचा आवाज रेडिओसारखा गोड झालाय. छापलंय ते वाचा.” मास्तरांनी डोळे पुसून खरा शेवट वाचला. मी चाकू उचलून आईच्या हातात दिला. खाटेच्या फळीवर टकटक झाली.