बाहेरचा

या, जरा जवळ सरकून बसा, एका गेटची गोष्ट सांगतो. गेट बंद आहे. बाहेर अँब्युलन्स उभी आहे. आणि आत थोरल्या भावाचा अंगठा रिमोट दाबून दाबून पांढरा पडलाय.

लाइट सकाळपासून नव्हती. दुपारी गेटच्या बॅटरीनंही मान टाकली. आणि आतल्या खोलीतून बायको ओरडत होती, "अहो, आईंना श्वास पुरत नाहीये! ओठ निळे पडलेत! उघडा ना ते!"

"मग मी काय इथे हवा खातोय?" थोरला गरजला आणि रिमोट जमिनीवर आपटला.

तसा तो जन्माचाच तापट. पण हे गेट म्हणजे त्याच्या रागाला लागलेलं लोखंडी फळ. दोघा भावांची घरं शेजारी शेजारी, गाडी काढायचा रस्ता एकच. धाकटा सोफे दुरुस्त करायचा. एकदा त्याचा टेम्पो त्या रस्त्यात आडवा राहिला, थोरल्याची गाडी अडली. एवढंच! पण शब्दानं शब्द वाढला. दोघांनी वारलेल्या बापालाही त्यात ओढलं. शेवटी थोरला अंगणात उभा राहून, गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आजपासून हा माझा भाऊ नाही. हा बाहेरचा! कळलं का, आई? बाहेरचा!"

आई ते ऐकून आत गेली.

धाकटा ज्या छोट्या फाटकातून आईला भेटायला यायचा, ते थोरल्यानं विटांनी बुजवलं. भिंत उंच केली, वर काचा रोवल्या. आणि पुढे हे विजेवरचं, सरकतं, गेंड्यासारखं गेट. ते बसवून झाल्यावर मिस्त्री लाइट गेली तर काय करायचं ते समजावायला लागला. थोरला रिमोटनं गेट पुढे-मागे करण्यात रंगला होता. "किल्ल्याबिल्ल्यांचं आईला सांगा," तो म्हणाला. "लक्षात ठेवायचं खातं तिच्याकडे."

लाइट गेल्यावर गेट उघडायची ती किल्ली घरात खिळ्याला होती. आता बायकोनं धावत आणून हातात दिली. मोटरच्या कुलपात घालायची, हळूच फिरवायची, की मोटर सुटते आणि गेट हातानं ढकलता येतं. हळूच. थोरल्यानं आयुष्यात काही हळूच केलं नव्हतं. त्यानं हिसका दिला. कट्ट झालं. निम्मी किल्ली बोटांत राहिली, निम्मी कुलपात.

त्यानं गेटला लाथ घातली. गेटला काही झालं नाही. त्यानं वीज कंपनीला शिव्या दिल्या, मिस्त्रीला दिल्या, किल्ली घडवणाऱ्याच्या सात पिढ्यांना दिल्या. देवालाही एक हासडली. देवाचं बरं असतं, तो ऐकून घेतो.

"स्ट्रेचर भिंतीवरून घ्या!" तो आतून ओरडला.

"आणि वर काचा मी रोवल्यात का?" बाहेरून ड्रायव्हर भडकला. "माणूस आहे की भाजी, वरून झेलायला?"

थोरल्याला आतून आईचा श्वास ऐकू येत होता. जुन्या पंपासारखा, अडकत अडकत. आणि मग तोही नीट ऐकू येईना. भीती वाटली की त्याला रागच यायचा, दुसरं काही यायचंच नाही. त्यानं पुन्हा लाथ उगारली.

तेवढ्यात खट्ट झालं.

आवाज गेटच्या खांबातून आला होता, पलीकडून. तिथे बाहेरच्या अंगाला एक झाकण होतं, झाकणाआड मोटरचं दुसरं कुलूप. थोरल्यानं ते कधी धड पाहिलंही नव्हतं. गेट करकरत सरकलं. खांदा लावून ते ढकलत होता धाकटा. केसांत कापूस, हातात किल्ली.

आता तरी थोरल्याच्या तोंडून काही बरं निघावं? "किल्ली? तुझ्याकडे?" तो धावूनच गेला. "चोरलीस! माझ्या घराची किल्ली चोरलीस!"

"आधी बाजूला हो," धाकटा म्हणाला. "आईला बाहेर काढू दे, मग दे मला पोलिसांत."

आईला उचललं, गाडीत घातलं, ऑक्सिजन लावला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, वेळेत आणलंत." हे नेमकं कुणाला उद्देशून, ते थोरल्यानं विचारलं नाही. धाकटा दाराबाहेर बाकावर बसून होता. थोरला त्याच्यासमोरून येरझाऱ्या घालत होता आणि दर फेरीला पुटपुटत होता, "चोर."

संध्याकाळी आईच्या तोंडावरचा मास्क काढला. थोरल्याला तेवढाही दम निघाला नाही.

"आई, खरं सांग. त्यानं किल्ली कधी उचलली?"

"उचलली नाही रे. मीच दिली. गेट बसलं त्याच दिवशी, पहिल्यांदा बंद व्हायच्या आत."

"मला न विचारता? आणि त्यालाच? का?"

आईनं श्वास गोळा केला. "तुला रिमोटपुढे काही ऐकू येत नव्हतं. मिस्त्री म्हणाला, आजी, किल्ल्या दोन आहेत. एक घरात ठेवा, एक बाहेरच्याकडे द्या." ती थांबली. पुन्हा श्वास घेतला. "आता बाहेरचा कोण, ते तूच सांगितलं होतंस. चांगलं गल्लीला ऐकवून."

बाबांनो, ती माउली आता नाही. तुम्ही घरी जाल, दार ओढून घ्याल, तेव्हा कडीवर हात असताना क्षणभर तिची आठवण काढा. धाकट्याकडची ती किल्ली थोरल्यानं कधी परत मागितली नाही.